मुंबई–टोकियो अंतर एकच, मग जाताना सव्वाआठ तास आणि येताना दहा तास कसे?

प्रश्न असा आहे की तुम्ही टोकियोला निशी-कासाईत राहता, आईंना जानेवारीत पहिल्यांदाच बोलावताय, थेट विमानाच्या तिकिटावर जाताना सव्वाआठ तास लिहिलेत आणि फेब्रुवारीतल्या परतीला दहा. गुगल म्हणतं अंतर ६,७२५ किमी, विमान ताशी ९०० नं जातं, म्हणजे दोन्हीकडे साडेसात तास व्हायला हवेत, मग परत येताना लांबून फिरवून आणतात का आणि त्याचे पैसे आपल्याकडून घेतात का?

मी २६ वर्षं फ्लाइट डिस्पॅचला होतो. म्हणजे कॅप्टनच्या हातात जो ओएफपी पडतो, कुठल्या रस्त्यानं जायचं, किती उंचीवर, किती इंधन, तो बनवणारा माणूस. पूर्वेकडची उड्डाणं बरीच वर्षं माझ्याकडे होती, त्यामुळे जरा लांबण लागली तर चालवून घ्या.

आधी तुमचा आकडा. ६,७२५ हे शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचं. मुंबईचा सहार विमानतळ ते टोकियोचा नारिता विमानतळ धरलं तर साधारण ६,७९०. हे पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर, भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढलेलं नव्हे. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई आणि टोकियोवर बोट ठेवून दोरा ताणून बघा, दोरा मुंबईतून निघून पूर्वेला जाण्याऐवजी चांगला ईशान्येला वर चढतो. जबलपूरच्या आसपासून, मग गयेजवळून, सिलिगुडी, भूतान, तिबेटचा पूर्व कोपरा, बरोबर निम्मं अंतर होतं ते चेंगडूच्या जरा उत्तरेला, पुढे पिवळा समुद्र, दक्षिण कोरिया आणि मग जपान. शेवटी तर दोरा जवळजवळ सरळ पूर्वेला जातो.

या दोऱ्यावरून विमान जात नाही. भूतानच्या पुढे ही रेषा नामचा बारवाच्या शेजारून जाते, ७,७८२ मीटरचा डोंगर, पण अडचण डोंगर आदळण्याची नाही, आपण ११ किमीवर असतो. अडचण अशी की केबिनमधला दाब गेला तर विमानाला झटपट १०,००० फुटांवर उतरावं लागतं, कारण डोक्यावरून मास्क पडतात त्यांचा ऑक्सिजन बऱ्याच विमानांत १५-२० मिनिटांपुरताच असतो. तिबेटच्या पठाराची नुसती जमीनच सरासरी ४,५०० मीटरवर आहे, म्हणजे पावणेपंधरा हजार फूट. उतरणार कुठे? त्यासाठी जादा ऑक्सिजन, आधीच आखून ठेवलेले निसटायचे रस्ते, क्रूचं वेगळं ट्रेनिंग असं सगळं लागतं. शिवाय देशाची हद्द विमान वाटेल तिथून ओलांडत नाही, ठरलेल्या बिंदूंवरूनच आत जायचं.

म्हणून नेहमीचा रस्ता थोडा दक्षिणेनं असतो. मुंबईहून कलकत्ता, पुढे बांगलादेश आणि म्यानमारवरून कुनमिंग, तिथून शांघाय, मग समुद्र ओलांडून जपान. आता तुकडे करून बेरीज करा, मुंबई–कलकत्ता १,६६५, कलकत्ता–कुनमिंग १,५००, कुनमिंग–शांघाय १,९६५, शांघाय–नारिता १,७९५. झाले ६,९२५. सरळ दोऱ्यापेक्षा जेमतेम १३५ किमी जास्त! लोकांना वाटतं हिमालय टाळायला केवढा वळसा पडत असेल, तर पडतो दहा मिनिटांचा. टेकऑफनंतरची वळणं, उतरतानाची रांग धरून ७,००० म्हणू, हिशेबालाही सोपं.

तर लांबून नेतात का याचं उत्तर एवढ्यापुरतं नाही असं आहे. (पुढे जाऊन मी याच्या उलट बोलणार आहे, थांबा.)

सगळा खेळ वाऱ्याचा आहे. विमानाचा ताशी ९०० हा वेग हवेतला, जमिनीवरचा नाही. नदीत होडी वल्हवता तसं समजा, हात तेवढेच चालतात पण प्रवाहाबरोबर काठ भराभरा मागे पडतो आणि उलट दिशेनं तोच काठ सरकता सरकत नाही. टोकियोच्या डोक्यावर आकाशात जी नदी वाहते ती जगातल्या सगळ्यात जोरदार वाऱ्यांपैकी एक आहे, पश्चिमेकडून पूर्वेकडे, हिवाळ्यात. तिला जेट स्ट्रीम म्हणतात.

आमच्याकडे वाऱ्याचे चार्ट यायचे. त्यावर वारा काड्यांनी दाखवतात, एक पूर्ण काडी म्हणजे १० नॉट आणि एक भरीव त्रिकोणी झेंडा म्हणजे ५०. मुंबईवर दोन-तीन काड्या दिसायच्या, कुनमिंगला एखादा झेंडा, आणि जानेवारीत जपानवर नजर गेली की तीन झेंडे आणि चार काड्या. १९० नॉट, म्हणजे ताशी ३५० किमी. शिफ्टला नवीन आलेला पोरगा पहिल्यांदा बघितलं की विचारायचाच, सर हे चुकून छापलंय का.

आता साधा हिशेब करू. पूर्ण रस्त्याची सरासरी काढली, मुंबईकडे वारा कमी, जपानकडे जास्त, तर समजा सरासरी ताशी १०० किमीचा वारा पाठीशी आहे. जाताना जमिनीवरचा वेग झाला १,०००, सात हजार किमीला सात तास. त्याच रस्त्यानं परत येताना वेग ८००, वेळ पावणेनऊ तास. वारा नसताच तर पावणेआठच्या जरा वर. म्हणजे नुसत्या १०० च्या वाऱ्यानं पावणेदोन तासांचा फरक. यात जमिनीवर रांगणं, वर चढताना आणि उतरताना कमी असलेला वेग, नारिताची गर्दी असा सव्वा तास मिळवा की तिकिटावरचे आकडे आले.

अजून एक गंमत यात आहे. जाताना वाचले ४७ मिनिटं आणि येताना गेली ५८. वारा जेवढं देतो त्यापेक्षा जास्त काढून घेतो, कारण वाईट वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकलेले असतो.

आम्ही डिस्पॅचवाले अंतर दोन प्रकारे बघतो, जमिनीवरचं आणि हवेतलं. जाताना विमान ९०० च्या वेगानं सात तास उडलं म्हणजे त्यानं हवा कापली ६,३०० किमी. सरळ दोरा ६,७९० चा होता ना, त्याच्यापेक्षाही कमी! येताना पावणेनऊ तासांची हवा झाली ७,८७५. इंधन जळतं ते या हवेतल्या किलोमीटरवर. माझ्यासाठी मुंबई–टोकियो आणि टोकियो–मुंबई हे दोन वेगळे रूट होते, एक सहा हजार तीनशेचा आणि एक सात हजार पावणेनऊशेचा. ओएफपीवर ते एका ओळीत दिसतं, वाइंड कंपोनंट, पी म्हणजे प्लस, वारा पाठीशी, आणि एम म्हणजे मायनस, वारा समोरून, पुढे नॉट. कॅप्टन मंडळी आली की पहिली नजर तिथंच, आज किती, एम झीरो एट फाइव्ह, अरे देवा, आणि मग इंधनाचा आकडा न बघताच कळायचा.

आता मघाशी म्हणालो त्याच्या उलट. येताना कधीकधी खरंच लांबून आणतात, पण ते वेळ वाचवायला. समजा जानेवारीत एखाद्या दिवशी शांघाय–कुनमिंग रस्त्यावर सरासरी १६० किमीचा वारा समोरून आहे. सात हजार भागिले ७४०, साडेनऊ तासांना दोन मिनिटं कमी. दुसरा रस्ता बघा, नारिताहून खाली तैपेई, हाँगकाँग, हनोई, मग कलकत्ता आणि मुंबई. हा वर धरलेल्या वळणांसकट सुमारे ७,३३० किमी, म्हणजे ३३० जास्त, पण जेटच्या दक्षिणेला सरकल्यामुळे वारा समोरून ९० च आहे. ७,३३० भागिले ८१०, नऊ तास तीन मिनिटं. लांबच्या रस्त्यानं २५ मिनिटं लवकर घरी. नकाशावर पट्टी धरणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल, पण घाटात ट्रॅफिक तुंबलं की ड्रायव्हर गावातून गाडी काढतो तेच हे. मात्र त्यातही प्रत्येक देशाची हद्द वापरायचे पैसे वेगळे असतात, त्यामुळे वेळ वाचतोय पण पैसे जास्त जातायत असंही होतं, आणि मग कंप्युटर त्या दिवशीचं एकूण सगळ्यात स्वस्त काय ते काढतो.

इंधनाचंही बघा. बोइंग ७८७ सारखं विमान तासाला पाच-साडेपाच टन जाळतं. दोन तास जास्त म्हणजे दहा-अकरा टन, आणि हे जादा इंधन वाहून न्यायलाच पुन्हा इंधन लागतं, ढोबळ हिशेबानं जादा वजनाच्या तीन-चार टक्के दर तासाला. म्हणून वारा फार वाईट असला की डिस्पॅचर आधी कार्गोवाल्यांना फोन करतो, आज तीन टन कमी भरा. कार्गोवाल्यांनी मला दिलेल्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

पाठीशी वारा असला म्हणजे मजाच मजा असंही नाही बरं का. नारिताला रात्री विमानतळ बंद असतो, सकाळी सहाच्या आत उतरता येत नाही. एकदा जानेवारीतच, पहाटे पोचणारं उड्डाण होतं, प्लॅन काढला तर उतरायची वेळ आली पाच चाळीस. वेग कमी करून थोडं जमतं पण वीस-पंचवीस मिनिटं नुसत्या वेगात घालवणं काही खरं नाही, आणि तिकडे जाऊन समुद्रावर गोल गोल घिरट्या घालत इंधन जाळायचं म्हणजे मूर्खपणा. मग मुंबईतच पंचवीस मिनिटं उशिरा सोडलं. प्रवाशांना सांगितलं काय, तर वेळेआधी पोचतंय म्हणून उशीर. गेटवरच्या मुलीनं मला फोन करून विचारलं, सर हे मी माइकवर कसं बोलू.

या वाऱ्याचा शोधही त्याच भागात लागलाय. नारितापासून फार लांब नाही, त्सुकुबाजवळ तातेनो नावाच्या वेधशाळेत वासाबुरो ओइशी नावाचे शास्त्रज्ञ १९२० च्या दशकात आकाशात फुगे सोडून दुर्बिणीसारख्या यंत्रानं त्यांचा माग काढायचे. हिवाळ्यात नऊ-दहा किमी उंचीवर फुगे भयंकर वेगानं पूर्वेला पळतात हे त्यांनी बघितलं आणि १९२६ मध्ये अहवाल काढला. पण जगाला कळावं म्हणून तो लिहिला एस्परांतो या बनवलेल्या भाषेत, आणि म्हणून बहुतेकांनी वाचलाच नाही! मग १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेची बी-२९ विमानं टोकियोवर आली तेव्हा त्यांच्या वैमानिकांना या वाऱ्यानं स्वतःच ओळख करून दिली, बॉम्ब नेम धरला तिथं पडेनात. प्रवासी विमानांनी त्याचा फायदा घ्यायला सुरुवात केली ती पुढे १९५२ मध्ये, पॅन ॲम या अमेरिकन कंपनीनं टोकियो–होनोलुलू याच वाऱ्यातून नेलं आणि १८ तासांचा प्रवास साडेअकरावर आला.

पावसाळ्यात सगळं बदलतं. जेट उत्तरेला सरकते, तिबेटच्याही पलीकडे, आणि जपानवरचा जोर ओसरतो. उलट आपल्या दख्खनवर जून ते सप्टेंबर उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वारा वाहतो, त्यावर आपल्या हवामान खात्याच्या पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात मूलभूत काम केलंय. म्हणजे जुलैत टोकियोला जाताना सुरुवातीला उलट समोरूनच वारा लागतो, आणि येताना शेवटच्या टप्प्यात जरा मदत होते. त्यामुळे उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकात तुम्हाला एकाच विमानाचा वेळ वेगळा दिसेल, हे वेळापत्रक मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं.

आणि एक, कॉमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच म्हणून आधीच सांगतो, पृथ्वी फिरते त्याचा हा परिणाम नव्हे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि हवा तिच्याबरोबरच फिरते. ती मागे राहिली असती तर टोकियो आपल्यापासून पळालं असतं आणि जातानाच जास्त वेळ लागला असता. नेमकं उलटं होतंय. (वारे तसे का वाहतात यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, पण ती वेगळी गोष्ट.)

इंटरनेटवर ज्या साइट दोन शहरांचं अंतर आणि "विमानाचा वेळ" सांगतात त्या बहुतेक नुसता भागाकार करतात, अंतर भागिले ८०० किंवा ९००, वर अर्धा तास. ओळखायची खूण सोपी, दोन्ही दिशांना वेळ सारखाच दाखवला असेल तर तो आकडा फेकून द्या. खरं बघायचं तर फ्लाइटरडार या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर त्या उड्डाणाची मागच्या दहा-बारा दिवसांची प्रत्यक्ष वेळ बघावी. आणि कधीकधी तर हवा, डोंगर, इंधन सगळं ठीक असून राजकारण आडवं येतं. दिल्ली–ताश्कंद सरळ जेमतेम १,५८० किमी, दिल्ली–मुंबईच्या दीडपटही नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हद्द बंद केली आणि इंडिगोला ताश्कंद आणि अल्माटी थांबवावं लागलं, वळसा घालून जायला त्यांच्या छोट्या विमानांचा पल्ला पुरेना.

पैशांचं म्हणाल तर परतीचा तास जास्त म्हणून तिकीट जास्त असं नसतं. भाडं मागणीवर ठरतं, वाऱ्याचा खर्च कंपनी वर्षाच्या सरासरीत धरून बसलेली असते. तिकिटावरचे दहा तास म्हणजे विमान गेटवरून हललं ते गेटला लागलं तोवरचे, आणि त्यात हिवाळ्याचे बरेवाईट दिवस बघून थोडी ढील ठेवलेली असते. एखाद्या दिवशी आई साडेनऊ तासांतच उतरल्या आणि तुम्हाला वाटलं पायलटनं जोरात पळवलं, तर तसं काही नाही, वारा पडला होता.

थेट विमानाच्या तारखा जमल्या नाहीत तर कुठून बदलायचं हे विचारलंत. दिल्लीवरून अंतर साधारण ७,०५० पडतं, हाँगकाँगवरून ७,२३५, बँकॉकवरून ७,६८०, आणि सिंगापूरवरून ९,२८०, म्हणजे थेटपेक्षा अडीच हजार किमी जास्त. सिंगापूरचं तिकीट कितीही स्वस्त दिसलं तरी पहिल्यांदा एकट्या येणाऱ्या बाईंना मी तिकडून पाठवणार नाही, विमानतळ कितीही छान असला तरी. दिल्लीला देशातलं-परदेशातलं सामान आणि टर्मिनल यांची विचारणा आधी करून ठेवा. माझं मत विचाराल तर चार पैसे जास्त गेले तरी थेटच.

आईंसाठी अजून दोन गोष्टी. जाताना समोरच्या स्क्रीनवर ग्राउंड स्पीड १,१०० च्या वर दिसेल, शेवटच्या दोन तासांत तर जास्तच, आणि तिथंच हादरेही बसतील कारण जेटच्या कडेला हवा घुसळलेली असते. घाबरू नका, पट्टा लावून ठेवा, एवढं आधी सांगून ठेवा. येताना दहा तास बसायचं आहे तर मधल्या वाटेजवळची सीट घ्या म्हणजे उठून पाय मोकळे करता येतील. खिडकीच हवी असेल तर परतीला उजवीकडची घ्या, दिवसाचं विमान असलं, आभाळ स्वच्छ असलं आणि दक्षिणेच्या वाटेनं काढलं तर निघाल्यावर थोड्या वेळात त्या बाजूला फुजी दिसतो. आणि परतीची तारीख हलवता येत असेल तर फेब्रुवारीऐवजी एप्रिलच्या सुरुवातीला ठेवा की, वारा तोवर जरा पडलेला असतो, थोडं तरी कमी बसावं लागेल, आणि त्यांना साकुरा, म्हणजे चेरीचा बहरही बघून होईल.